आधी चूक सांगा

आमच्या ओटीवर टेकण्याआधी ते खांबावर वाकवलेल्या बोटाने दोनदा ठोकत आणि उजवा कान लाकडाजवळ नेऊन ऐकत. डावा कान सुरुंगाच्या दारूने केव्हाच नेला होता. खांब सागाचा, आजोबांच्या वेळचा. त्याच्या पोटात आठवड्याला दोनदा तपासण्यासारखे काही नव्हते. तरी ते ठोकत, ऐकत, "हं, भरीव आहे," म्हणत आणि मग बसत.

"सुभेदारसाहेब, परवाच पाहिलात की," वडील म्हणत.

"खांब परवाचा असेल. वाळवी आजची असू शकते."

बसले की काठी मांडीवर आडवी. मग घरात शिजत असलेल्या भातापासून कलेक्टर कचेरीच्या नव्या भिंतीपर्यंत कशाचाही विषय निघो, त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. "आधी चूक सांगा. शाबासकी मागून."

त्यांचे नाव मी लिहीत नाही. ठाण्यात सगळे त्यांना सुभेदार म्हणत आणि तेवढे पुरत असे. मूळचे सातारच्या बाजूचे, शेतकऱ्याच्या घरचे. मिसरूड फुटायच्या आत सफरमैना पलटणीत शिरले. फौजेच्या आधी पुढे जाऊन डोंगर फोडायचे, रस्ते करायचे, नद्यांवर पूल टाकायचे हे त्या पलटणीचे काम. सरहद्दीकडच्या नद्यांची नावे ते अशी घेत, जशी सासुरवाशीण माहेरच्या माणसांची घेते. "पूल आम्ही बांधायचा. फौज पार झाली, की मागून आम्हीच उडवायचा," ते सांगत. "इथं बांधलेलं उडवावं लागत नाही. म्हातारपणी एवढं सुख पुष्कळ झालं."

त्यांची एकुलती मुलगी ठाण्यात दिली होती. तिच्याकडे म्हणून पेन्शनीनंतर आले आणि वर्षाच्या आत ती बाळंतपणात गेली. जावयाने दुसरे लग्न केले, बिऱ्हाड मुंबईला नेले. सुभेदार मात्र मुलीच्या गावात राहून गेले. का राहिले ते कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

रिकाम्या हातांना काम हवे, म्हणून असेल, ते गावात पावले मोजत हिंडू लागले. आमच्या ओटीपासून कचेरी किती पावलांवर, तळ्याचा काठ किती, बंदर किती, हे त्यांना पाठ होते. गटार कुठे तुंबणार हे पावसाच्या आधी महिनाभर सांगत आणि तिथेच ते तुंबे. कलेक्टरसाहेबांच्या कानावर ते गेले आणि सुभेदार म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. पुढे निवडणुका आल्या तेव्हा लोकांनी त्यांनाच निवडले आणि मग ते उपाध्यक्षही झाले. शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात साहेबांचे भाषण चालू असताना ते मागे जाऊन भिंत ठोकत होते आणि साहेब जरा थांबले नेमके तेव्हा त्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "पोकळ." महिन्याभराने त्या भिंतीचा गिलावा उतरला. अशी माणसे तुमच्याही गावात असतील. त्यांचे म्हणणे खरे ठरते, म्हणून ती फारशी आवडत नाहीत.

त्यांना इंग्रजी बोललेले कळे. इंग्रजीत लिहिता फक्त सही येत असे. मोठी, तिरकी, शेवटच्या अक्षराला बंदुकीच्या दस्त्यासारखा बाक असलेली. आणि अर्ज तर सगळे इंग्रजीतच लागत. इथे माझा संबंध येतो.

माझे वडील कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी हौसेने मला मुंबईला मिशनच्या बायकांच्या इंग्रजी शाळेत ठेवले होते. तिथून मी इंग्रजी घेऊन आले, आणि एक सवयही. विचारल्याशिवाय बोलायचे नाही, ही त्या शाळेची पहिली शिस्त. विचारल्यावर काय करायचे ते मात्र त्यांनी शिकवले नाही. माझे लग्न झाले होते, यजमान डॉक्टरीच्या शिक्षणाला होते आणि ते पुरे होईपर्यंत मी माहेरीच होते. तेव्हा असे ठरले की सुभेदारांनी ओटीवरून मराठीत सांगायचे आणि मी माजघराच्या दाराआड बसून इंग्रजीत लिहायचे. दार अर्धे लोटलेले असे. बाहेरच्यांना वाटे, वडील लिहितात. मुलीच्या जातीने म्युनिसिपालिटीचे अर्ज लिहावेत, हे तेव्हा ऐकवण्यासारखे नव्हते.

पहिला अर्ज लिहून झाला तेव्हा दाराच्या फटीतून एक तांबडी-निळी पेन्सिल आत आली. "आजपासून तुम्ही नाईक," बाहेरून आवाज आला. दहाएक अर्ज झाल्यावर मी हवालदार झाले. कलेक्टरसाहेबांनी एकदा त्यांच्या इंग्रजीची तारीफ केली. त्या दिवशी ते ओटीवर न बसता थेट दाराशी आले. "माझ्या इंग्रजीला बक्षीस मिळालं. तुम्ही जमादार. याच्यावर सुभेदारच, आणि ती जागा अजून रिकामी नाही."

प्रत्येक अर्ज मी वाचून दाखवला की ते विचारत, "चूक सांगा, जमादार." आणि प्रत्येक वेळी मी आतून म्हणे, "काही नाही."

त्यांच्या सगळ्या अर्जांचा विषय एकच होऊन बसला होता. ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाडा आहे, आणि तिथल्या विहिरींना मचूळ पाणी. कोळणी बंदरावर मासळी उतरवायच्या, विकायच्या आणि मग घागरी घेऊन तळ्यापर्यंत चढायच्या. चैत्र-वैशाखात तळ्याचे पाणी हिरवे होई, तेच प्यायचे. दरवर्षी त्या दिवसांत कोळीवाड्यात ओकाऱ्या-जुलाब लागत आणि लहान मुले जात. बाजारपेठेच्या वरच्या अंगाला एक बारमाही झरा होता. त्याचे पाणी भाजक्या मातीच्या नळांतून उताराने खाली आणायचे आणि कोळीवाड्याच्या तोंडाशी दगडी टाके बांधून त्यात सोडायचे, एवढीच सुभेदारांची योजना. त्या एवढ्याला चार वर्षे लागली.

सभेत धान्याचे एक मोठे व्यापारी होते, शेटजी. त्यांचे म्हणणे, "कोळी जन्मभर पाण्यातच राहतात. त्यांना आणखी पाणी कशाला?" सभा हसे. सुभेदार हसत नसत. पुढच्या सभेला ते तीच योजना पुन्हा मांडत. कधी नकाशा कमी पडे, कधी सही, कधी कलेक्टरसाहेब बदलून जात आणि नव्या साहेबांसाठी पहिल्यापासून लिहावे लागे. त्यांच्या घरापासून आमच्या घरापर्यंत येताना ते पूर्वी एकदा थांबत. "पाच मिनिटं हॉल्ट," म्हणून कोणाच्याही पायरीवर बसत. मग दोनदा थांबू लागले. चौथ्या वर्षी तीनदा. थकलो हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. हॉल्ट वाढत गेले, इतकेच.

अखेर मंजुरी जवळ आली. उतार फार थोडा होता, त्यामुळे टाके जितके खाली घ्यावे तितके पाणी जोराने येणार. पण फार खाली घेतले, तर खाडीची भरती आत शिरणार. सुभेदार नदीचे माणूस, तरी सावध. माघातल्या पौर्णिमेच्या भरतीला ते स्वतः तीन दिवस काठावर उभे राहिले, पाण्याची रेघ जिथवर आली तिथे खुंट मारला, त्यावर आणखी दोन हात सोडले आणि तिथे टाक्याच्या तोंडाची खूण केली. मिस्त्रीकडून पाणसळ लावून पातळी तीनदा ताडून पाहिली. मला आकडे सांगितले, मी ते लिहून घेतले.

दोनच दिवसांनी आवडी परसदारी आली.

आवडी आमची नेहमीची कोळीण. उंच, आवाजाने खणखणीत, आणि आईशी भाव करताना देवाला साक्षीला बोलावणारी. त्या दिवशी तिने मासळीवर भावच केला नाही. टोपली खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"बाय, तुमचा सुभेदार शाना मानूस हाय. पन टाकी चुकीच्या जाग्याव बांधतंय."

"कशावरून?"

"नारली पुनवेला आमी नारल कुठं उभं ऱ्हाऊन देताव? बंदराव? नाय गो. देवीच्या पायरीव. त्या दिशी आमी दर्याकडं जात नाय, दर्याच येतंय पायरीला. वरून पावसाचं पानी, खालून उधान. आनि याच्या टाकीचं तोंड पायरीच्या खाली हाय, हातभर."

गावदेवीचे देऊळ कोळीवाड्याच्या तोंडाशीच आहे. त्याची पायरी मी शंभर वेळा पाहिली होती. नारळी पौर्णिमेला कोळी तिथे उभे राहून नारळ सोडतात, हेही पाहिले होते. तिथेच का उभे राहतात, हे कधी मनात आले नव्हते. सुभेदारांच्याही आले नसावे. ते साताऱ्याकडचे. आम्ही ठाण्याचे, तरी आमची पाठ खाडीकडेच.

"मग तूच का नाही सांगितलंस त्यांना?"

"मिस्त्रीला सांगलं. तो बोलला, सायबाचं नाप हाय, तू मासे इक. आमच्यातले म्हातारे बोलतान, गप ऱ्हा, उलटं बोललो तर गावतंय तंपन जाईल. तू तर त्याचं लिवतंस. तू सांग."

आईलासुद्धा पुरते माहीत नव्हते की मी काय लिहिते. पण आवडीला माहीत होते. मी म्हणाले, "सांगते."

त्याच संध्याकाळी सुभेदार आले, एकटे नव्हते. बरोबर शेटजी होते आणि आणखी एक सभासद. शेवटचा अर्ज आज पुरा करायचा होता. वडील ओटीवर कागद पुढे घेऊन लिहिण्याचे सोंग करत होते आणि मी दाराआड खरे लिहीत होते. मी आवडीचे म्हणणे एका चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. दाराखालून सरकवायची, एवढेच.

अर्ज झाला. वडील काही मिषाने आत आले, कागद घेऊन बाहेर गेले आणि त्यांनी तो वाचून दाखवला. शेटजींनी कागद हातात घेतला. "हेडक्लार्कसाहेब, हस्ताक्षर भलतंच नाजूक झालंय तुमचं. बांगड्या भरल्यात की काय?"

ओटीवर हशा झाला. सुभेदारांनी नेहमीसारखे विचारले, "आधी चूक सांगा." ते ओटीवरच्या सगळ्यांना विचारत होते. पण त्यांचा चांगला कान दाराकडे होता, हे मला फटीतून दिसत होते.

चिठ्ठी माझ्या हातात होती.

भिडस्तपणामुळे गप्प राहिले, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितले. ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे, की मला वाटले, एवढ्या नद्या बांधलेला माणूस, पाणसळ, तीनदा ताडलेले आकडे, मी सुबक अक्षरात उतरवलेले. आणि दुसऱ्या बाजूला काय, तर एक पायरी आणि एक कोळीण. मी आवडीपेक्षा कागदावर विश्वास ठेवला. माझ्या सगळ्या शिक्षणाने मला तेच शिकवले होते.

"काही नाही," वडील माझ्या वतीने म्हणाले. मी चिठ्ठी चुलीत टाकली.

उद्या सांगू, असे म्हटले. उद्या मंजुरी आली. मग दगड येऊन पडले, मग पाया भरला. प्रत्येक दिवशी सांगणे आदल्या दिवसापेक्षा अवघड झाले. आवडीने एकदाच विचारले, "सांगलंस?" मी मान हलवली. ती कशी हलली ते माझे मलाच कळले नाही. तिने तिचा अर्थ हो असा घेतला असावा. त्यानंतर तिने विषय काढला नाही. सुभेदाराला सांगितले आहे, त्याने काही विचार केला असेल, असा तिचा भरवसा.

चैत्रात पाणी आले. पितळी तोट्या सोडल्या तेव्हा कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या पहिले पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाहत होत्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. गोड. त्या वर्षी वैशाखात कोळीवाड्यातले एकही मूल गेले नाही. सुभेदारांनी टाके चारही अंगांनी ठोकून पाहिले. "भरीव," म्हणाले आणि टाक्याच्या कडेलाच बसले. "पाच मिनिटं हॉल्ट." ते पाऊण तास तिथून उठले नाहीत.

श्रावण आला. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ सोडायचा मान कोळ्यांनी सुभेदारांना दिला. ते पलटणीचा जुना कोट घालून आले, छातीवर बिल्ले. घाटावर चार दिवस धो धो पाऊस पडला होता आणि खाडी गढूळ, फुगलेली होती. आम्ही बायका देवळाच्या कठड्याशी उभ्या होतो. ढोल वाजत होते. दुपारची भरती चढू लागली.

पाणी काही धावत आले नाही. ते सावकाश, ओळखीच्या घरात यावे तसे आले. माघातला खुंट कधी बुडाला ते कोणी पाहिले नाही. मग टाक्याच्या तोट्या बुडाल्या. मग झाकणाचा दगड ओला झाला, मग दिसेनासा झाला. तिथे फक्त एक भोवरा फिरत राहिला, आत पाणी शिरत असल्याचा. ढोल एकेक करून थांबले. पाणी पायरीपर्यंत आले आणि तिथे थांबले, सुभेदारांच्या बुटांच्या टोकाशी.

नारळ त्यांच्या हातात होता. त्यांनी आवडीला विचारले, "दर वर्षी इथवर येतं?"

"दर वर्सी."

"मला कोणी सांगितलं नाही."

आवडीने माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मी कठडा धरून उभी होते. मग ती खाडीकडे बघून म्हणाली, "सांगलं असंल कोनीतरी, सुभेदार. वाऱ्यात गेलं असंल."

सुभेदार वाकले. नारळ दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला, फेकला नाही, आणि सलाम केला.

ओहोटी लागल्यावर तोट्यांतून चिखल आला. नळांचे सांधे उखडले होते. कोळणी दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन तळ्याच्या वाटेला लागल्या. कोणी सुभेदारांना बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

सभेत शेटजींना भलताच कळवळा आला. मिस्त्रीला दोषी ठरवावे, सुभेदारांसारख्या माणसाचे नाव मध्ये येऊ नये, असे ते म्हणाले. सुभेदार उभे राहिले आणि दोनच शब्द बोलले, हे मला वडिलांनी सांगितले. "चूक माझी."

मग ते राजीनामा लिहायला आमच्याकडे आले. ओटीवर दुसरे कोणी नव्हते. ते खांब न ठोकताच बसले. मी दाराआड कागद घेऊन बसले, आणि त्यांनी पहिले वाक्य सांगण्याआधी मी म्हणाले, "मला माहीत होतं."

बाहेर काठी ओटीवर ठेवल्याचा आवाज आला.

"आवडीनं मला सांगितलं होतं. तुम्हाला सांग म्हणून."

"कधी?"

"माघात. अर्ज पुरा केला त्या दिवशी."

"माघ." ते बोटांवर मोजत असावेत. "फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण." एका एका महिन्याला ते थांबत होते, चढणीवर थांबावे तसे. "तेव्हा आखणीच्या दोन दोऱ्या हलवल्या असत्या, की झालं होतं."

"हो."

त्यांनी आमच्या मधल्या दाराच्या फळीवर बोटाने ठोकले. दोनदा. ऐकले. काय आहे ते सांगितले नाही.

मग म्हणाले, "लिहा, हवालदार."

एक हुद्दा उतरवला होता. मला त्याचे इतके बरे वाटले, की पहिली ओळ धड दिसेना. शिक्षा करतात ती आपल्या माणसाला.

राजीनाम्याच्या शेवटी त्यांनी एक मागणी घातली. टाके उचलून देवीच्या पायरीच्या दोन हात वर घ्यावे. मग म्हणाले, "आकडा हवा. उद्या माप घ्यायला जायचं. साखळी धरायला दुसरं माणूस लागेल." आणि लगेच, "दार उघडा."

मी दार उघडले. चार वर्षांत त्यांनी मला समोरून पाहिले ते तेव्हाच. मला वाटले होते तेवढे ते उंच नव्हते. डोळे लाल झालेले, गाल बसलेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर भर रस्त्याने कोळीवाड्यात गेले. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाटेत चार हॉल्ट झाले. आवडीने पायरीवर आपला हळदीचा पंजा उमटवला. "हितं. ह्याच्या वर कवा आलं नाय, माझ्या आजीच्या येळंपासून." साखळीचे एक टोक मी पंज्याशी धरले. सुभेदार दुसरे टोक घेऊन उतारावर गुडघे टेकून बसले. त्यांना उठता येईना, तेव्हा आवडीने काखेत हात घालून उठवले. "सुभेदार, आता तुमी बी भरीव ऱ्हायला नाय," ती म्हणाली. ते हसले. श्रावणानंतर पहिल्यांदाच.

त्या दिवाळीनंतर ते कल्याणला पुतण्याकडे राहायला गेले. पुतण्या रेल्वेत होता. निघताना माझ्या हातात चार कोरे कागद दिले. प्रत्येकाच्या तळाशी त्यांची ती तिरकी सही. "टाक्यासाठी अजून अर्ज करावे लागतील. मला इतक्या लांबून येववणार नाही. तुम्ही लिहा."

"कोऱ्या कागदावर सही करून देऊ नये म्हणतात," मी म्हणाले. "माझ्या हातून चूक झाली तर?"

"तर सही माझी आहे. कळली की आधी सांगा, म्हणजे झालं."

पहिल्या कागदाला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले ते नकाराचे. तिसऱ्यावर मी पायरीचा आकडा, आवडीचे नाव आणि तिच्या आजीची साक्षही घातली. तो वर्षभराने मंजूर झाला. मी कल्याणला कळवले. टाके वर चढले, तसा उतार कमी झाला आणि पाणी टाक्यापर्यंत येईचना. माघात कल्याणहून पोस्टकार्ड आले, थरथरत्या अक्षरात. "पाणी आले का?"

चार दिवस थांबले असते तर कदाचित चांगली बातमी देता आली असती. मी त्याच दिवशी उत्तर टाकले. पाणी आले नाही. माथ्यावरच्या दोन नळांचा उतार मी कागदावर उलटा लावला होता. चूक माझी आहे.

आठ दिवसांनी दुसरे पोस्टकार्ड आले. वर नळ कसे फिरवायचे त्याचे चित्र होते, आणि खाली एवढेच. "शाबास, जमादार."

फाल्गुनात ते गेले. वडील कल्याणला जाऊन आले. पुतण्याने त्यांना सांगितले, की शेवटच्या दिवसांत म्हातारा पलंगाजवळची भिंत ठोकत असे आणि काही बोलत नसे.

पाणी वैशाखात आले. धार बारीक आहे, घागर भरायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. मी गेले तेव्हा कोळणी ओळीने बसल्या होत्या, कोणी जाळे विणत होती, कोणी पोर पाजत होती. मी टाक्यावर बोटाने ठोकून कान लावला. आवडीने शेजारी येऊन आपलाही कान लावला.

"काय बोलतंय?"

"कळत नाही गं. त्यांना कळायचं."

"मग पानी पी आनि चूक सांग," तिने ओंजळ पुढे केली.

पुढच्या श्रावणात मी पायरीवर उभी होते. आवडीने हळदीचा पंजा उमटवला होता तिथवर भरती आली, थांबली आणि परत गेली. टाके कोरडे उभे होते. पहिला नारळ सोडायला त्या वर्षी कोळ्यांनी कोणालाच बोलावले नाही. आवडीने तो दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला, फेकला नाही.

चौथा कागद माझ्यापाशी आहे. वर सगळा कोरा, तळाशी सही. यजमानांकडे मुंबईला आले तेव्हा तो पेटीत घालून आणला. अधूनमधून काढते, वाचण्यासारखे त्यावर काही नाही तरी वाचते आणि पुन्हा ठेवते.